खाडीचे कागद नक्की कोणाकडे असतात? ठाणे, वसई खाडी, जेट्ट्या आणि माहिती अधिकार

खाडीकाठ_ठाणे:

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर बाजूचे आहेत म्हणून हा धागा काढतोय. मी घोडबंदर पट्ट्यातला, वडील चाळीसएक वर्षं वसईच्या खाडीत होडी घालतात, लहान होडी, दोन माणसांची. दोन वर्षांपूर्वी आमच्या समोर नवीन जेट्टीचं काम चालू झालं, मोठी मशीन आणि बार्ज आले, गाळ काढतायत म्हणाले, सगळ्यांना आनंद झाला की आता ओहोटीला पण होडी काठाला लागेल. एक पावसाळा गेला आणि अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला होडी पुन्हा चिखलात बसायला लागली, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, जरा बरं असतं पण उधाणाच्या ओहोटीला बाबा जाळं खांद्यावर टाकून गुडघाभर चिखलातून चालत येतात, सत्तरीचा माणूस, बघवत नाही.

माझा प्रश्न साधा होता. गाळ किती काढला, टाकला कुठे, आणि आता परत भरला तर काढायची जबाबदारी कोणाची. एका ऑफिसात गेलो तर म्हणाले हा राष्ट्रीय जलमार्ग आहे, केंद्राचा विषय. दुसरीकडे गेलो तर म्हणाले राज्याचं आहे. तिसरीकडे सांगितलं महापालिकेत विचारा. कोणीच लेखी काही देत नाही, तोंडीच "आमच्याकडे नाही हो". मग माहिती अधिकारात अर्ज टाकला, दोन पानं भरून लिहिलं, बाबांचे हाल, चिखल, सगळं. तो परत आला, शब्दमर्यादेच्या बाहेर आहे आणि विषय एकापेक्षा जास्त आहेत म्हणून. आता काय करू? कोणी खाडीबद्दलचे असे कागद मिळवलेत का?

नेरुळ_ताई:

दादा, पहिलं म्हणजे निराश होऊ नका, पहिला अर्ज जवळजवळ सगळ्यांचा असाच परत येतो. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अर्ज साधारण १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. केंद्राच्या ऑफिसला ५०० शब्द चालतात. आणि कारण लिहायची गरजच नाही, कायद्याच्या कलम ६(२) मध्ये स्पष्ट आहे की अर्जदाराला कारण विचारता येत नाही. बाबांचे हाल तुम्ही इथे लिहा, आम्ही वाचू, अर्जात मात्र फक्त कागदाचं नाव.

आता कोणाकडे काय असतं ते मला जेवढं कळलंय तेवढं सांगते, मी नवी मुंबईत सात-आठ वर्षं हेच करतेय. तुमची खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्ये येते, कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसई खाडी आणि उल्हास नदी धरून १४५ किलोमीटर. २०१६ च्या कायद्याने १०६ नवीन जलमार्ग जाहीर झाले, आधीचे ५ धरून १११, त्यातला हा एक. राष्ट्रीय जलमार्गासाठी भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण, ऑफिस नोएडाला. पण आपल्याकडे जेट्ट्या, फेरी बोटीचं लायसन, बोटीचा सर्व्हे आणि नोंदणी हे महाराष्ट्र सागरी मंडळ म्हणजे एमएमबी बघतं, १९९६ च्या कायद्याने झालेलं. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, मीरा-भाईंदर या जेट्ट्या सागरमाला या केंद्राच्या बंदर-योजनेतून, त्यात केंद्राचा पैसा आहे, त्यामुळे मंजुरीचे कागद दोन्हीकडे असतात. या जलवाहतूक प्रकल्पाचा सुरुवातीचा अहवाल ठाणे महापालिकेने करून घेतला होता, म्हणून पालिकेतही जुनी फाईल सापडते. रेती म्हटलं की जिल्हाधिकारी. तिवरं म्हटलं की वन विभागाचा कांदळवन कक्ष. पाण्याची घाण म्हटलं की प्रदूषण नियंत्रण मंडळ. आणि माझ्या बाजूला जमीन बहुतेक सिडकोची.

म्हणजे तुम्हाला तिघांनी जे सांगितलं ते तिघांचंही अर्धं खरं होतं. पण "आमच्याकडे नाही" असं बोलून तुम्हाला परत पाठवणं कायद्यात बसत नाही. कलम ६(३) प्रमाणे लेखी अर्ज आला की ज्यांच्याकडे माहिती आहे त्यांच्याकडे ५ दिवसांत पाठवायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं. म्हणून तोंडी विचारणं बंद करा. अर्ज द्या, पोच घ्या.

रेतीबंदर:

ताईंनी मस्त लिहिलंय. मी भर घालतो, मी पूर्वी बार्जवर काम केलंय म्हणून ही बाजू माहिती आहे. गाळ किती काढला याचा आकडा कुठून येतो माहितीये का? काढायच्या आधी खोली मोजतात, बोटीवर यंत्र लावून, आणि काढल्यावर परत मोजतात. दोन्ही नकाशांमधला फरक म्हणजे काढलेला गाळ, घनमीटरमध्ये. त्यावरूनच बिल निघतं. म्हणून दादा, "गाळ किती काढला" असं विचारूच नका. विचारा की गाळ काढण्याआधीचा आणि नंतरचा हायड्रोग्राफिक सर्व्हेचा नकाशा द्या, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबीच्या प्रती द्या, कार्यादेशाची म्हणजे वर्क ऑर्डरची प्रत द्या, आणि गाळ कुठे टाकायचा त्याची परवानगी द्या. हे चार कागद मिळाले की तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. दोष दायित्व कालावधी (कामात खोट निघाली तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) किती वर्षांचा तो पण कार्यादेशात किंवा करारात असतो, तो चालू असेल तर ठेकेदाराला परत बोलावता येतं का ते बघता येईल.

खाडीकाठ_ठाणे:

वा, हे मला सुचलंच नसतं. मी लिहिलं होतं "गाळ नीट का काढला नाही याचा खुलासा करावा".

वकील_काका_कळवा:

"का" विचारलं की अर्ज गेला. माहिती म्हणजे कागदावर, फाईलीत, कॉम्प्युटरमध्ये आधीच असलेली गोष्ट. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवीन मत तयार करावं असं कायदा म्हणत नाही, आणि कोर्टांनी हे अनेकदा सांगितलंय. पण "का" चं उत्तर फाईलीच्या टिपणीत असतं बरं का. कोणी काय शेरा मारला, कोणी काय आक्षेप घेतला, कोणत्या तारखेला सही झाली. म्हणून अर्जात "संबंधित फाईलीची टिपणी व पत्रव्यवहार" एवढं जरूर लिहा.

पैशाचं पण सांगतो. राज्याच्या ऑफिसला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रत २ रुपये पान. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही, बाबांचं कार्ड असेल तर त्यांच्याच नावाने टाका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. पुढे ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, आपलं कोकण खंडपीठ बेलापूरला. आणि लोकांना हे माहीत नसतं, ३० दिवस उलटून गेले की माहिती फुकट द्यावी लागते, कलम ७(६).

दगडी_शाळा:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. १४ वर्षं झाली मला हे करून. अपील केलं की आयोगात वर्ष वर्ष जातं, तोपर्यंत ठेकेदार बिल घेऊन मोकळा, साहेबाची बदली. माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड २५० रुपये रोज आणि जास्तीत जास्त २५ हजार, तोही किती वेळा लागतो ते बघा. शिवाय आमच्याकडे काही लोक याच अर्जांवर ठेकेदारांकडून पैसे उकळतात, त्यामुळे खरा माणूस गेला तरी ऑफिसात त्याच्याकडे संशयाने बघतात. कागद मिळवून बाबांची होडी तरंगणार आहे का? त्यापेक्षा नगरसेवकाला धरा, आमदाराला धरा.

नेरुळ_ताई:

दगडी_शाळा, तुमचा त्रास खरा आहे आणि उकळणाऱ्यांचं पण खरं आहे, मला पण एका बाईने काउंटरवर विचारलं होतं की मॅडम तुम्हाला नक्की काय पाहिजे, त्या आवाजात विचारलं की घरी येऊन मी रडले होते. पण आमदाराकडे जाताना हातात काय घेऊन जाणार? "साहेब गाळ आहे हो" एवढंच? नकाशा हातात असला की बोलणं बदलतं. आणि अपिलापर्यंत जायच्या आधी एक सोपा रस्ता आहे तो लोक वापरत नाहीत, फाईल प्रत्यक्ष जाऊन बघणं. २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्ह्याच्या ऑफिसात आणि महापालिका वगैरेमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघता येतं. बाकीच्या ऑफिसात अर्जातच लिहा, "अभिलेखाचे अवलोकन हवे", पहिला तास फुकट.

पक्षीवेडी:

अवलोकनाला हजार वेळा हो. २०२४ मध्ये आमच्या नेरुळच्या डीपीएस तलावात फ्लेमिंगो मेले तेव्हा सगळ्या पेपरात आलं की भरतीचं पाणी आत यायचा रस्ता बंद झालाय. तेव्हा मी रोज सकाळी जात होते, चिखल तडकलेला, कोरड्या भाजीच्या पानासारखा, आणि कडेला एक पिल्लू पंख पसरून पडलेलं, अजून गुलाबी पण नव्हतं झालं, राखाडीच. मला तेव्हा कळलं की पाण्याचा एक पाईप कोणाच्या ताब्यात आहे हे कागदावर माहीत नसेल तर माणूस फक्त फोन फिरवत बसतो. ठाणे खाडी २०२२ पासून रामसार यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, ६५ चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र, तरी काठावरच्या एका नळकांड्याचा मालक शोधायला मला महिना लागला. मालक ऑफिस मिळालं तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी बसून ऐकून घेतलं.

खाडीकाठ, तुम्ही गाळ कुठे टाकला ते नक्की विचारा. तिवरांमध्ये टाकला असेल तर तो वेगळाच विषय आहे, आणि गंभीर आहे.

दिवाळे_कोळी:

आमच्या गावाकडून पण दोन शब्द. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळी २०२१ ला मुंबई हायकोर्टाने बाधित मच्छीमारांना भरपाई द्यायचं धोरण करा म्हणून सांगितलं, ते काही आपोआप नाही झालं, मच्छीमार सोसायटीने वर्षानुवर्षं कागद जमवले होते. कोणाच्या किती होड्या, कुठे कालवं काढतात, कुठे चिंबोऱ्या, कुठे बोय मासा लागतो. आपल्या लोकांची सवय अशी की खाडी पाठ आहे पण कागदावर काही नाही.

अजून एक सांगतो, फेरी बोटींचं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेच्या समोर जो अपघात झाला, १५ माणसं गेली, त्यानंतर आमच्या पोरांनी ठरवलं की आपण ज्या बोटीत बसतो तिचं सर्टिफिकेट बघायचं. एका ठिकाणी सांगितलं बोट खाजगी मालकाची आहे, माहिती अधिकार लागू नाही. हे बरोबर आहे का काका?

वकील_काका_कळवा:

मालकाला थेट लागू नसेल, पण बोटीचा सर्व्हे सरकारी यंत्रणा करते ना. किती माणसं घ्यायची, लाइफ जॅकेट किती, सर्टिफिकेट कधीपर्यंत, हे सगळं सर्व्हे करणाऱ्या ऑफिसात असतं. कायद्याच्या कलम २(फ) मध्ये असंच आहे की खाजगी संस्थेची जी माहिती सरकारी ऑफिस दुसऱ्या कायद्याखाली मिळवू शकतं ती पण माहितीच. २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे, त्याने १९१७ चा जुना कायदा गेला, नोंदणी आणि सर्व्हे त्यात आहेच. मालकाला विचारू नका, सर्व्हे करणाऱ्याला विचारा. धंद्याचं गुपित म्हणून ८(१)(ड) दाखवतील, तर सांगा की भाड्याचा हिशोब नको, माणसं किती बसवायची तो आकडा हवा. फाईलीत काही झाकायचं असेल तर तेवढं झाकून बाकी द्यावं लागतं, कलम १०.

कळवेकर_बर्मिंगहॅम:

बरेच दिवस फक्त वाचत होतो, पण या खाजगी-सरकारीच्या मुद्द्यावर लिहावंसं वाटलं. मी राहतो तिथे घराच्या मागून कालवा जातो. इथले कालवे ब्रिटिश वॉटरवेज नावाची सरकारी संस्था बघायची, २०१२ च्या जुलैमध्ये इंग्लंड आणि वेल्समधले कालवे एका धर्मादाय संस्थेकडे गेले, कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट, साधारण ३२०० किलोमीटर. स्कॉटलंडचे सरकारकडेच राहिले. तेव्हा इथल्या बोटवाल्यांना हीच भीती होती की आता ही सरकारी संस्था नाही तर माहिती मागायची कशी. शेवटी असं झालं की जी कामं सरकारी संस्थेकडून कायद्याने या ट्रस्टकडे आली तेवढ्यापुरता माहितीचा कायदा लागू राहिला, बाकी ट्रस्टच्या स्वतःच्या कामांना नाही. त्यामुळे लोक अर्ज करताना आधी हे बघतात की विषय कुठल्या बाजूचा आहे.

आपल्याकडे उद्या जेट्ट्या चालवायला खाजगी कंपन्यांना दिल्या किंवा वेगळी कंपनी काढली तर हाच प्रश्न येणार आहे. तिकडे करार होतानाच लोकांनी आवाज उठवला होता, नंतर नाही. बाकी इथे कुठला लॉक (बोट वर-खाली न्यायचा कालव्यातला दरवाजांचा टप्पा) कधी बंद, पाणी कुठे कमी, हे रोज वेबसाइटवर असतं, बोटवाला घरातून निघायच्या आधी बघतो.

नेरुळ_ताई:

आपल्याकडे पण गंगेवर आहे की, जलमार्ग प्राधिकरणाची लॅडिस म्हणून सिस्टिम आहे, राष्ट्रीय जलमार्ग १ वर कुठल्या टप्प्यात कमीत कमी किती खोली ते बघता येतं. म्हणजे करता येतं. कलम ४ मध्ये तर लिहिलंच आहे की लोकांना अर्ज करायची गरजच पडू नये इतकी माहिती ऑफिसने आपणहून जाहीर करावी. माझं तर म्हणणं आहे की आपल्या जेट्टीवर एक पाटी हवी, खोली किती, कधी मोजली, गाळाची जबाबदारी कोणाची, फोन कुठे करायचा. मराठीत.

खाडीकाठ_ठाणे:

मंडळी, दोन महिन्यांनी अपडेट देतोय. उशीर झाला, माफ करा, घरात लग्न होतं.

काकांनी आणि रेतीबंदरने सांगितल्याप्रमाणे नवीन अर्ज लिहिला, ९६ शब्दांत बसला. पाचव्या दिवशी नाही पण पंधराव्या दिवशी तो दुसऱ्या ऑफिसात हस्तांतरित झाल्याचं पत्र आलं, आणि तिथून अवलोकनाची तारीख. बाबा म्हणाले मी पण येतो. मला वाटलं कशाला, तिथे बसून कंटाळतील, त्यांना वाचता पण येत नाही फारसं. पण आले, पांढरा शर्ट घालून.

तिथले कारकून चांगले निघाले, हे मुद्दाम लिहितो. लाल फडक्यात बांधलेली फाईल आणि एक लांब गुंडाळी आणून ठेवली, टेबलावर मावेना म्हणून दोन टेबलं जोडली. गुंडाळी उघडली तर आपल्या समोरच्या खाडीचा नकाशा, सगळीकडे बारीक बारीक आकडे, मुंग्यांसारखे. मला काही कळेना. साहेबांनी सांगितलं की हे आकडे चार्ट डेटमपासून, म्हणजे अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून, खोली दाखवतात, आणि ज्या आकड्याखाली रेघ आहे ती जागा ओहोटीला उघडी पडते.

बाबा एवढा वेळ गप्प होते. ते उठले, चष्मा वर केला आणि नकाशावर बोट ठेवून काठाने हळूहळू फिरवत नेलं, पुलाचा खांब, मग वळण, मग आमचा जुना बंदर. आणि एका जागी थांबून म्हणाले, "इथून जुना पाण्याचा रस्ता जायचा, आता हा भरला. हे इथे रेघ आहे ना?" होती. आकड्याखाली रेघ होती. मग त्यांनी दुसरी जागा दाखवली, "आणि इथे खोल आहे, इथे जिताडा मासा मिळतो." तिथला आकडा खरंच आसपासच्या आकड्यांपेक्षा मोठा. साहेब उभेच राहिले, म्हणाले काका तुम्ही याआधी हा नकाशा बघितलाय का. बाबा म्हणाले, नाही, खाडी बघितलीय.

मला तिथेच भरून आलं. चाळीस वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

आता कामाचं. गाळ काढण्याआधीचा नकाशा फाईलीत आहे. काढल्यानंतरचा नकाशा त्या दिवशी फाईलीत नव्हता. एमबी आहे, कार्यादेश आहे, दोष दायित्व कालावधी अजून संपलेला नाही. गाळ टाकायच्या जागेचं पत्र आहे, त्यावर गट नंबर आहे. आकडे आत्ता इथे टाकत नाही, प्रमाणित प्रती हातात आल्या की टाकेन, चुकीचं काही पसरायला नको.

रेतीबंदर:

नंतरचा नकाशा नाही म्हणजे मग बिल कशावर निघालं? तेच विचारा. "गाळ काढल्यानंतरचा सर्व्हे नकाशा, आणि तो उपलब्ध नसल्यास तसं लेखी कळवावं." हे वाक्य जसंच्या तसं टाका. कदाचित सल्लागाराकडे असेल किंवा दुसऱ्या फाईलीत लागला असेल, होतं असं, लगेच कोणावर शंका नको. पण लेखी हवं.

वकील_काका_कळवा:

सहमत. आणि सुरक्षेचं कारण देऊन नाही म्हणाले तर नेमकं कुठलं उपकलम आणि का, हे लेखी मागा. आधीचा नकाशा दाखवला आणि नंतरचा सुरक्षेचा, हे अपिलात टिकणं अवघड आहे. पहिल्या अपिलाचा मसुदा मी लिहून देतो, पैसे नको.

दगडी_शाळा:

खाडीकाठ, तुमचं बाबांचं वाचलं आणि माझं आधीचं लिहिलेलं परत वाचलं. आयोगाबद्दल माझं मत तेच आहे. पण फाईल बघायला मी १४ वर्षांत एकदाच गेलो होतो, बाकी सगळं पोस्टानेच करत आलो. आमच्या बाजूच्या घाटाची फाईल आहे पालिकेत, या सोमवारी जाऊन येतो.

पक्षीवेडी:

गट नंबर मला कळवा ना, भूमी अभिलेखच्या नकाशावर बघून सांगते तिवरं आहेत का तिथे.

खाडीकाठ_ठाणे:

ताई, कळवतो संध्याकाळी. काका, अपील परवा टाकतोय, २० चा स्टॅम्प आणलाय. बाबा विचारतायत सुनावणीला येऊ का म्हणून.

दिवाळे_कोळी:

आणाच त्यांना. आणि त्या नकाशाची एक झेरॉक्स आम्हाला पण द्या, मोठी. असाच आपल्या बाजूचा पण असणार, तो मागून घेतो आणि सोसायटीच्या हॉलमध्ये दोन्ही शेजारी लावतो, म्हातारे लोक येऊन त्यावर नावं लिहितील कुठल्या जागेला काय म्हणतात ते.